बटाट्याचं प्रोटीन १०४ टक्के

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय वाटले तेव्हा कुणाला सोयाबीन मिळालं, कुणाला शेंगदाण्याची पेंड, आणि मला बटाटा. सगळे हसले, मीपण हसले, कारण बटाटा म्हणजे स्टार्च हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यातून प्रोटीन काढायचं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यातला प्रकार. मॅडम म्हणाल्या, "अगं हसतेस काय, प्रमाण कमी आहे ते मलाही माहितीये, दर्जा काय येतो ते बघायचंय." दर्जा या शब्दाने पुढचे सात महिने खाल्ले. आजही कुणी विचारलं की बटाट्याचं प्रोटीन चांगलं असतं का, तर मला एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

आधी हिशोब सांगते म्हणजे अंदाज येईल. ओल्या बटाट्यात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणी असतं आणि प्रोटीन दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किलोला वीसेक ग्रॅम. वाळवून पूड केली की पाणी गेल्यामुळे तेच आठ-दहा टक्के दिसायला लागतं आणि माणूस उगाच खूश होतो. त्या वीस ग्रॅममधलं पण सगळं प्रोटीन नसतं, पण ते पुढे येईलच.

पहिला घोळ प्रयोग सुरू व्हायच्या आधीच झाला. एकाच जातीचे, एकाच पोत्यातले दहा किलो बटाटे आणले आणि लॅबच्या खिडकीतल्या फळीवर पसरून ठेवले, मध्ये सेमिस्टरची परीक्षा आली, दोन आठवड्यांनी बघते तर निम्मे हिरवे. मला वाटलं साल काढली की झालं. मॅडमनी एक हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाल्या फेकून दे सगळे. हिरवा रंग हे नुसतं क्लोरोफिल, त्याने काही होत नाही, पण ज्या उजेडाने तो रंग येतो त्याच उजेडाने सोलॅनिन आणि चॅकोनिन हे कडू विषारी अल्कलॉइडही वाढतात, आणि ओल्या बटाट्यात त्यांचं प्रमाण किलोला २०० मिलिग्रॅमच्या खाली असावं असं धरतात. आपण प्रोटीन गोळा करताना हे पण सोबत गोळा होत जातात, मग पोषणमूल्य कशाचं मोजतोय तेच कळत नाही. दुसरे दहा किलो आणले, अंधाऱ्या कपाटात ठेवले, वर जाड कागद टाकला.

मग रस. सालं पातळ काढली, फोडी केल्या, थंड पाण्यात टाकल्या आणि मिक्सर. पहिल्या दिवशी मी सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे रस काळा पडू न देणारं रसायन, घालायला विसरले. तुम्ही कधी बटाट्याचा रस नुसता भांड्यात ठेवून बघितला नसेल तर सांगते, आधी तो पिवळट असतो, मग तीन-चार मिनिटांत वरचा थर गुलाबीसर होतो, ढवळलं की गुलाबी आत जातो आणि परत वर येतो, दहा मिनिटांनी विटकरी, आणि अर्ध्या तासाने सरळ काळपट तपकिरी, गंजलेल्या पाइपातून आलेल्या पाण्यासारखा. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम क्लोरोजेनिक अॅसिड आणि टायरोसिनचं ऑक्सिडेशन करतं, त्यातून क्विनोन होतात. रंग वाईट दिसतो एवढंच असतं तर मी तशीच पुढे गेले असते, पण प्रोटीन ज्या अमिनो अॅसिडांचं बनतं त्यांतल्या लायसिनला हे क्विनोन जाऊन चिकटतात, आणि बटाट्याच्या प्रोटीनची जी काही फुशारकी आहे त्यातला मोठा भाग लायसिनचाच, म्हणजे मोजायच्या आधीच आपण माल खराब करायचा. तो रस ओतून दिला. नंतर मेटाबायसल्फाइट आधी भांड्यात, मग फोडी, हा क्रम भिंतीवर लिहून चिकटवला.

रस मलमलच्या कापडातून पिळला, चोथा बाजूला काढला, रस तासभर बर्फात ठेवला की तळाला पांढराशुभ्र साका बसतो. तो स्टार्च. इतका घट्ट बसतो की चमच्याने उकरावा लागतो आणि उकरताना करकरतो. वरची निवळी सेंट्रिफ्यूजमध्ये घातली, चार अंशांवर वीस मिनिटं, मग जे मिळालं ते चहाच्या पाण्याच्या रंगाचं एकदम स्वच्छ द्रव, किलोभर बटाट्यातून साधारण अर्धा लिटर. लॅबमधले काका रोज बघायचे की मी तो परातभर पांढरा स्टार्च टाकून देते आणि ते पिवळं पाणी बर्फात जपून ठेवते. एक दिवस न राहवून म्हणाले, "ताई, तुमचं काहीतरी उलटं चाललंय." स्टार्चच्या कारखान्यात तर हेच पिवळं पाणी उरतं, आणि ते तसंच सोडून दिलं तर नदीचा जीव जातो, म्हणून तिथे त्यातलं प्रोटीन काढून घ्यायला सुरुवात झाली. काकांना हे सांगितलं तर त्यांना ते पटलं, मला काय करायचंय ते नाही पटलं.

या पाण्यात काय काय असतं ते थोडं सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तीन गट धरतात. एक पॅटॅटिन, साधारण ४० ते ४५ किलोडाल्टनचं (हे रेणूच्या वजनाचं माप), हे बटाट्याचं साठवणीचं प्रोटीन, विरघळणाऱ्या प्रोटीनमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत हेच असतं, वर ते लिपिड तोडायचं एन्झाइमपण आहे, म्हणजे गोदामाचा रखवालदारच माल आहे असं काहीतरी. दुसरा गट प्रोटिएज इनहिबिटर, छोटे छोटे, ५ ते २५ किलोडाल्टन, आणि हे थोडेथोडके नाहीत, हिस्सा जवळपास निम्मा. कंद खायला आलेल्या किड्याचं पचन बंद पाडायचं हे त्यांचं काम. तिसरा गट म्हणजे उरलेले सगळे मोठे. गंमत म्हणजे १८९६ मध्ये ऑस्बॉर्न आणि कॅम्पबेल यांनी बटाट्यातलं प्रोटीन वेगळं केलं तेव्हा त्याला एकच नाव दिलं होतं, ट्युबेरिन. पॅटॅटिन हे नाव १९८० चं. मधल्या ऐंशीएक वर्षांत एका नावाची आख्खी वस्ती निघाली.

आता काढायच्या तीन पद्धती मला तुलनेसाठी दिल्या होत्या. आम्ल घालून साकळवणं, तापवून साकळवणं आणि अमोनियम सल्फेट हे मीठ घालून साकळवणं.

आम्लाची पद्धत पटकन सांगते कारण तिने फार काही दिलं नाही. पीएच साडेचारच्या आसपास आणला की द्रव ढगाळ होतं, खाली पिवळट गाळ येतो, पण वरच्या पाण्यात ब्रॅडफर्डचं रिएजंट, म्हणजे प्रोटीन असलं की निळं होणारं, टाकलं तर परत निळंच. सोयाबीनवाली मैत्रीण एका पीएचला सगळं खाली पाडून मोकळी झाली होती, माझं अर्ध वरच तरंगत होतं, कारण इनहिबिटरांचे आयसोइलेक्ट्रिक पॉइंट, म्हणजे ज्या पीएचला प्रोटीन सगळ्यात कमी विरघळतं ते, पाच ते नऊपर्यंत पसरलेले, एका पीएचला सगळे थोडेच ऐकणार.

तापवायची पद्धत दिसायला सगळ्यात गावठी. पीएच पाचवर आणून रस हॉटप्लेटवर ठेवला, साठ अंशांच्या पुढे धुरकट व्हायला लागला, मग पंचाऐंशीला फाटलेल्या दुधासारख्या करड्या-हिरवट गुठळ्या आणि वर फेसाचा थर, आणि वास, उकडलेल्या बटाट्याचा नाही, उकडलेल्या सालीचा. गाळला, धुतला, वाळवला. जी पूड आली ती रवाळ, मातकट, पाण्यात टाकली तर तळाशी जाऊन बसते आणि कितीही ढवळा, विरघळत नाही. मी तिला मनात वाळू म्हणायचे.

अमोनियम सल्फेट मात्र माझी लाडकी. शून्य अंशावर सत्तर टक्के सॅच्युरेशनला लिटरला ४३६ ग्रॅम लागतं, माझ्या अर्ध्या लिटरला २१८. हे चिमूट चिमूट करत घालायचं, बर्फात, हळू ढवळत, फेस येऊ न देता, कारण फेसात प्रोटीन बिघडतं. दीड तास लागतो. हात दुखतो, पण शेवटी शेवटी ते स्वच्छ द्रव एकदम दुधाळ होतं तो क्षण प्रत्येक वेळी भारी वाटायचा. सेंट्रिफ्यूज केलं, पेलेट थोड्या बफरमध्ये विरघळवलं, डायलिसिसच्या ट्यूबमध्ये भरलं (हिच्यातून मीठ बाहेर जातं, प्रोटीन आत राहतं), लिटरभर थंड पाण्यात सोडलं, मॅग्नेटिक स्टरर चालू केला आणि घरी गेले.

रात्री स्टरर बंद पडला होता, कधी ते माहीत नाही. सकाळी ट्यूब मात्र टम्म फुगलेली, म्हणजे आदल्या दिवशीच्या ढिल्या पिशवीची जागा एका घट्ट नळीने घेतलेली, कारण आतल्या मिठाने पाणी ओढून घेतलं होतं. नशीब मी तोंडाशी जागा सोडली होती, काठोकाठ भरली असती तर फुटलीच असती. मला वाटलं रात्रभर पाण्यात होती, फुगलीपण छान, झालं असेल डायलिसिस. फ्रीझ ड्रायरला लावलं. दोन दिवसांनी हलकी, पांढरी, किंचित करडी झाक असलेली पूड, फुंकर मारली तर उडेल अशी. फोटो काढला. स्टेटसला ठेवला.

मग कजेल्डाल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नमुना कडक सल्फ्युरिक अॅसिडमध्ये उकळवायचा, त्यातला सगळा नायट्रोजन अमोनियम होतो, मग कॉस्टिक घालून अमोनिया उडवायचा, बोरिक अॅसिडमध्ये पकडायचा आणि टायट्रेशन. योहान कजेल्डाल यांनी १८८३ मध्ये डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत बसवलेली पद्धत, आजही तीच. नायट्रोजनला ६.२५ ने गुणलं की प्रोटीन, कारण प्रोटीनमध्ये सरासरी सोळा टक्के नायट्रोजन धरतात. मी ०.२ ग्रॅम पूड घेतली, ०.१ नॉर्मल अॅसिड २३.८ मिली लागलं, एका मिलीला १.४ मिलिग्रॅम नायट्रोजन, म्हणजे ३३.३ मिलिग्रॅम, म्हणजे १६.६६ टक्के, गुणिले ६.२५.

१०४.१.

परत गुणाकार केला. परत टायट्रेशन केलं. १०३.६. म्हणजे माझी पूड शंभर टक्क्यांहून जास्त प्रोटीन होती. वहीत लिहायची लाज वाटत होती म्हणून आधी पेन्सिलने लिहिलं. मॅडमनी आकडा बघितला, चष्मा वर केला आणि एवढंच विचारलं, "अमोनियम सल्फेटमध्ये नायट्रोजन किती असतो गं?" मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला, २१.२ टक्के, गुणिले ६.२५ म्हणजे १३२.५. म्हणजे नुसतं अमोनियम सल्फेट कजेल्डालला दिलं तर ते १३२ टक्के प्रोटीन निघेल. कजेल्डालची मशीन बरोबर चालतेय का हे तपासायला लोक अमोनियम सल्फेटच तर वापरतात, आणि मी तेच प्रोटीनमध्ये मिसळून, वाळवून, फोटो काढून मोजायला आणलं होतं. स्टेटस काढून टाकलं.

नंतरच्या बॅचला दोन दिवस डायलिसिस, पाणी पाच वेळा बदललं, आणि दर वेळी बाहेरचं पाणी टेस्टट्यूबमध्ये घेऊन बेरियम क्लोराइडचा थेंब टाकायचा. सल्फेट असेल तर लगेच पांढरा धूर उतरल्यासारखा होतो. पहिल्या पाण्यात दही, दुसऱ्यात ताक, तिसऱ्यात नुसती छटा, पाचव्यात काही नाही. मग वाळवलं, मग मोजलं, १९.७ मिली, ८६.२ टक्के. किलोभर बटाट्यातून जेमतेम चार ग्रॅम. कमी आहे हे, पण हे खरं आहे, आणि १०४ पेक्षा ८६ बघून जास्त आनंद होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

यातूनच आख्ख्या बटाट्याचा पण विषय निघाला. माझी वाळलेली बटाटा पूड कजेल्डालमध्ये १० टक्के प्रोटीन दाखवत होती. मग ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड घालून खरं प्रोटीन खाली पाडलं आणि फक्त त्यातला नायट्रोजन मोजला तर ५.३ टक्के. बाकीचा नायट्रोजन सुट्या अमिनो अॅसिडांचा, त्यात सगळ्यात जास्त अॅस्परॅजिन. हे तेच अॅस्परॅजिन जे तळताना साखरेशी जुळून अॅक्रिलामाइड करतं, २००२ मध्ये स्वीडनमधून ही बातमी आली तेव्हा जगभर खळबळ झाली होती. म्हणजे पाकिटावर बटाट्याचं जे प्रोटीन लिहिलेलं असतं त्यातलं निम्म्याच्या आसपास प्रोटीनच नसतं, नायट्रोजन असतो. वाया जातं असं नाही, शरीर सुटं अमिनो अॅसिडही घेतंच, पण अॅस्परॅजिन शरीर स्वतः बनवू शकतं, त्याची काही टंचाई नसते.

जेलची गोष्ट थोडक्यात. एसडीएस पेज म्हणजे प्रोटीन आकारानुसार पट्ट्यांमध्ये वेगळी करणारं जेल, त्यावर अमोनियम सल्फेटच्या लेनमध्ये चाळीसच्या जरा वर पॅटॅटिनचा जाडजूड पट्टा, वीसच्या आसपास तीन-चार पट्ट्यांचा घोळका आणि खाली धूसर. आम्लाच्या लेनमध्ये पॅटॅटिन ठळक, खालचा घोळका फिका. वाळूची लेन जवळपास रिकामी, कारण ती बफरमध्ये नीट विरघळलीच नाही, विहिरीतच अडकून बसली. माझी डायलिसिसची ट्यूब १२ ते १४ किलोडाल्टनची होती, म्हणजे त्याहून छोटं ते बाहेर, त्यामुळे सगळ्यात छोटे इनहिबिटर पाण्याबरोबर निघून गेले असणार, उदाहरणार्थ कार्बॉक्सिपेप्टिडेज इनहिबिटर फक्त ३९ अमिनो अॅसिडांचा आहे, त्यात सहा सिस्टीन, हे गंधकवालं अमिनो अॅसिड. म्हणजे मीठ काढताना थोडं गंधकपण काढून टाकलं. हे मला खूप उशिरा लक्षात आलं, ट्यूब धुवून ठेवताना.

गंधक महत्त्वाचं कशाला, तर आख्ख्या बटाट्यात मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकवाली दोन अमिनो अॅसिडं हीच कमकुवत बाजू मानतात. लायसिन भरपूर, गंधक कमी. अमिनो अॅसिड मोजायला प्रोटीन सहा नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये, बंद ट्यूबमध्ये, ११० अंशांवर चोवीस तास ठेवतात. पहिला रिझल्ट आला तेव्हा माझ्या लाडक्या पुडीत दोन्ही मिळून प्रोटीनच्या ग्रॅमला १४ मिलिग्रॅम. १९९१ च्या एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या, अहवालात दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा जो मापदंड घेतलाय त्यात २५ हवेत, म्हणजे स्कोअर ०.५६. आणि ट्रिप्टोफॅन शून्य! शून्य बघितल्यावर मात्र मला शंका आली, आख्ख्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन शून्य कसं असेल, आणि मग पुस्तक उघडल्यावर कळलं की या उकळवण्यात ट्रिप्टोफॅन पूर्ण जळून जातं आणि सिस्टीन-मेथिओनिनचीपण नासाडी होते. म्हणून गंधकवाल्यांना आधी परफॉर्मिक अॅसिडने ऑक्सिडाइज करून टिकाऊ रूपात न्यायचं आणि मग उकळवायचं, ट्रिप्टोफॅनसाठी वेगळं, अल्कलीत उकळवायचं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सांगितलं होतं मी." सांगितलं असेल. मी तेव्हा बहुतेक ट्यूब सील करत होते.

परत केलं. गंधकवाले दोघे ३१ आले, म्हणजे २५ च्या वर. लायसिन ७४, हवेत ५८. आख्ख्या बटाट्याच्या पुडीत मात्र गंधकवाले २१ च, कारण तिथे भागाकार सगळ्या नायट्रोजनने होतो आणि त्यात ते अॅस्परॅजिन बसलंय, त्याने बाकी सगळ्यांचं प्रमाण पातळ होतं. म्हणजे बटाट्याचं प्रोटीन कमकुवत नव्हतं, त्याच्या आजूबाजूची गर्दी मोजली जात होती. वेगळं काढल्यावर सगळ्यात खाली निघालं ते हिस्टिडीन, १९ हवेत तिथे २१. आख्खा महिना मी गंधकाच्या काळजीत घालवला आणि काठावर निघालं हिस्टिडीन, त्याचं नाव तोपर्यंत माझ्या वहीत कुठे नव्हतंच.

आता फक्त पचन राहिलं होतं. नुसतं अमिनो अॅसिड असून काय उपयोग, पोटात ते सुटं व्हायला हवं. उंदरांवर करायची सोय नव्हती आणि मला करायचंही नव्हतं, म्हणून १९७७ ची पीएचवाली पद्धत घेतली. प्रोटीनचं द्रावण ३७ अंशांवर, पीएच बरोबर आठ, त्यात ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि पेप्टिडेज या पचनाच्या एन्झाइमांचं मिश्रण टाकायचं, प्रोटीन तुटत गेलं की पीएच खाली येतो, दहा मिनिटांनी किती झाला ते बघायचं आणि सूत्रात घालायचं. पचन टक्के म्हणजे २१०.४६ वजा १८.१० गुणिले पीएच.

आधी केसिन, म्हणजे दुधातलं प्रोटीन, लावलं, मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत धावत खाली आला, दहा मिनिटांत ६.६. ९१ टक्के. मग माझी हलकी, पांढरी, ८६ टक्केवाली, पाण्यात झटकन विरघळणारी पूड. एन्झाइम टाकलं. ७.९८. ७.९५. ७.९१. इलेक्ट्रोड बिघडला की काय म्हणून मी हलवून बघितलं. पाच मिनिटांनी ७.८, दहा मिनिटांनी ७.७१. सूत्रात घातलं तर ७०.९ टक्के. मला वाटलं, ठीक आहे, सत्तर टक्के म्हणजे फार वाईट नाही. मॅडमनी विचारलं, "पीएच अजिबात हलला नसता तर सूत्र काय म्हणालं असतं?"

आठ गुणिले १८.१० वजा केलं. ६५.७.

म्हणजे दगड टाकला असता तरी हे सूत्र पासष्ट टक्के पचला म्हणालं असतं. चूक सूत्राची नाही, ते ठराविक खाद्यपदार्थांवरून बसवलेलं आहे, त्या पट्ट्याच्या बाहेर त्याला काही विचारायचं नसतं. माझं ७०.९ म्हणजे खरं तर जवळजवळ काहीच पचलं नव्हतं. कारण उघड होतं, मी बर्फात, थंडीत, इतक्या हळुवारपणे काढलेल्या प्रोटीनमध्ये निम्मे इनहिबिटर जिवंत होते आणि मी त्यांच्यावर ट्रिप्सिन सोडलं होतं. कंदाचा हा बंदोबस्त किड्यासाठी होता, त्यात मी सापडले.

खात्री करायला वेगळी टेस्ट केली. ट्रिप्सिन एका सब्स्ट्रेटला तोडतं आणि पिवळा रंग सुटतो, तो ४१० नॅनोमीटरला वाचायचा. पहिल्या ट्यूबमध्ये नुसतं ट्रिप्सिन, लिंबाच्या सालीसारखी पिवळी धमक. दुसरीत माझ्या पुडीचं द्रावण मिसळलेलं ट्रिप्सिन, नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. दहा मिनिटं, वीस मिनिटं, काहीही नाही. तिसरीत ती मातकट वाळू, घुसळून ढवळून घेतलेली. पिवळी. पहिलीपेक्षा किंचित फिकी, पण पिवळीच.

त्या स्टँडकडे मी बराच वेळ बघत बसले होते. जी पूड मी नाकं मुरडत कपाटाच्या मागे ढकलली होती, जिचा जेलवर पट्टासुद्धा नीट आला नाही, ती खायच्या दृष्टीने पुढे होती. मग माझी पांढरी पूड पाण्यात विरघळवून ९५ अंशांवर अर्धा तास ठेवली, तिचीपण दह्यासारखी गुठळी झाली, सगळी शान गेली, आणि परत पीएचची टेस्ट लावली. आता आकडा पळाला, ६.९२, म्हणजे ८५.२ टक्के. हिस्टिडीनचं २१ भागिले १९, गुणिले ०.८५२, म्हणजे पीडीसीएएएस (अमिनो अॅसिडचा स्कोअर आणि पचन मिळून प्रोटीनचा दर्जा) ०.९४. उंदराऐवजी बीकरमधलं पचन वापरलंय अशी टीप खाली टाकली, पण वनस्पतीच्या प्रोटीनसाठी ०.९४ म्हणजे छानच. फक्त हे ०.९४ त्या फोटोतल्या पुडीचं नव्हतं, उकडलेल्या गुठळीचं होतं.

१९२८ मध्ये कॉन आणि क्लाइन यांनी एक पेपर छापला, त्यात एक पुरुष आणि एक बाई यांनी १६७ दिवस नायट्रोजन जवळपास फक्त बटाट्यातूनच घेतला आणि त्यांचा नायट्रोजनचा ताळेबंद टिकून राहिला. मी हा पेपर प्रोजेक्टच्या सुरुवातीला वाचला होता आणि प्रस्तावनेत मोठ्या अभिमानाने टाकला होता. शिजवून खाल्ले होते हे त्यात आहेच, माझ्या डोळ्यांखालून गेलंपण असणार, पण तेव्हा ते वाक्य मला स्वयंपाकाची बाब वाटलं होतं.

शेवटच्या महिन्यात मधला मार्ग मिळतो का बघत होते, म्हणजे पूड विरघळलीपण पाहिजे आणि इनहिबिटरपण मेले पाहिजेत. सत्तर अंशांवर दहा मिनिटं ठेवली, द्रावण धुरकट झालं, ट्रिप्सिनच्या टेस्टला पिवळा रंग अगदी फिका आला, म्हणजे काही मेले काही जिवंत. पंचाहत्तरला गुठळ्या सुरू. पॅटॅटिन आधी हात टेकतं आणि इनहिबिटरांमधले काही चिवट मागे राहतात, नेमकं उलटं हवं होतं. तेवढ्यात थिसिस जमा करायची तारीख आली, आणि ते काम ज्युनिअरकडे गेलं. तिला मी मेटाबायसल्फाइटचा कागद, अंधारं कपाट आणि माझी जुनी वही दिली.

परवा रात्री तिचा मेसेज आला, ताई डायलिसिस झालं, कजेल्डालला ९७ टक्के आलंय, तुझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त, पुढे जाऊ ना? मी लिहिलं, आधी बेरियमचा थेंब टाक आणि फोटो पाठव. अर्ध्या तासाने फोटो आला. ताक होतं.